वाटीभर पाऊस आणि चार वर्षांची वही

जून २०२१ मधल्या एका संध्याकाळी माझ्या लेकीने गॅलरीच्या कठड्यावर स्टीलची वाटी ठेवली आणि पाऊस थांबल्यावर ती मोजपट्टी घेऊन त्या वाटीत डोकावत बसली. त्या दिवशी सकाळी तिने वर्तमानपत्रात पावसाचा मिलिमीटरमधला आकडा वाचला होता आणि तेव्हापासून तिचा एकच प्रश्न चालू होता: पाऊस तर सगळ्या गावभर पडतो, मग मिलिमीटर मोजतात ते नेमके कुठले? रस्त्यावरचे की नदीतले? मला उत्तर माहीत आहे असे मला वाटत होते, पण सांगायला गेले तेव्हा ते धड सांगता येईना. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पडद्यावर भरणाऱ्या शाळेचे एक वर्ष संपल्यानंतर तिला पुन्हा शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे आम्ही नुकतेच ठरवले होते आणि पुस्तकांचा एक गठ्ठा, एक वेळापत्रक आणि बरीचशी भीती एवढे भांडवल घेऊन मी त्या जूनमध्ये उभी होते.

घरशिक्षणाबद्दल बोलताना ‘मुलांच्या आवडीनुसार शिकवावे’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. त्याचा खरा अर्थ काय, हे मला चार पावसाळ्यांनी थोडेथोडे करून समजावले, आणि त्यातला पहिला धडा मी चुकूनच शिकले.

वाटीनंतर लेकीने एक सरळ उभ्या भिंतींचा डबा आणि एक बादली अशी दोन भांडी गच्चीत शेजारी शेजारी ठेवली. एकाच पावसात डब्यात २४ मिलिमीटर पाणी साचले आणि बादलीत ४० च्या वर. पाऊस एकच, गच्ची एकच, मग आकडे दोन कसे? हा गुंता तिने जवळजवळ दोन आठवडे सोडवला. तिने आणखी डबे आणले, अरुंद आणले, रुंद आणले, आणि उभ्या भिंतींच्या सगळ्या डब्यांत पाण्याची उंची सारखीच येते हे पाहून ती चक्रावून गेली. शेवटी तिच्याच ध्यानात आले की बादली वर रुंद आणि तळाशी अरुंद असते, म्हणजे ती पाऊस गोळा करते मोठ्या तोंडाने आणि साठवते लहान बुडात. मिलिमीटर म्हणजे पाणी वाहून गेले नाही, जमिनीत मुरले नाही, उडून गेले नाही तर सपाट जागेवर जेवढा थर उभा राहील तेवढी त्याची जाडी, हे तिने मला सांगितले, मी तिला नाही. मग नरसाळे आणि बाटली यांचे पर्जन्यमापक झाले. नरसाळ्याचे तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे होते, म्हणून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावे लागले, ते ७८.५ चौरस सेंटिमीटर आले, आणि बाटलीतले दर ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस असे कोष्टक तयार झाले. मी आणलेल्या पाठ्यपुस्तकांत पाय (π) ही संख्या फार पुढे होती आणि दशांश अपूर्णांकही अजून यायचे होते, परंतु तिला ते तेव्हाच हवे होते, म्हणून ते तेव्हाच आले.

हे सगळे पाहून मला अतिशय आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरातच मी ती चूक केली. मी एका रात्री बसून ‘पाऊस’ या विषयाचा तक्ता तयार केला. भाषेसाठी ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध, विज्ञानासाठी जलचक्राची आकृती, परिसर अभ्यासासाठी नद्यांची यादी, गणितासाठी भांड्यांवरची वीस उदाहरणे, आणि प्रत्येकापुढे वार. तो तक्ता फ्रिजवर लागला. निबंध एक झाला, आकृती अर्धी झाली, आणि त्यानंतर लेकीने पर्जन्यमापकाकडे पाहणेच सोडले. तिची वही आजही माझ्यासमोर आहे आणि त्या वहीत २ ऑगस्ट ते १२ ऑगस्ट या अकरा दिवसांच्या रकान्यांत काहीच लिहिलेले नाही. मी तक्ता काढून टाकला, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि बाराव्या दिवशी ती आपणहून गच्चीत गेली. पुढे वर्षभराची बेरीज करताना ती त्या रिकाम्या रकान्यांपाशी थांबली आणि म्हणाली, ‘आई, हा पाऊस आता कुठूनच मिळणार नाही.’

मुलाची आवड हे आपल्या ठरलेल्या अभ्यासक्रमाच्या गळाला लावायचे आमिष नव्हे, हे मला त्या अकरा कोऱ्या रकान्यांनी शिकवले. मुलांना हे आमिष लगेच ओळखता येते. ज्या मुलाला रेल्वे आवडते त्याला रेल्वेच्या डब्यांची बेरीज घालायला दिली तर त्याच्या लक्षात येते की आईला रेल्वेत काही रस नाही, तिला बेरजेतच आहे. आणि मग एक तर तो बेरीज सोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रेल्वे सोडतो. आवडीला धरून शिकायचे तर ती आवड जिथे नेईल तिथपर्यंत, तिच्यातल्या अवघड जागेपर्यंत, आपणही जावे लागते. पर्जन्यमानाच्या बाबतीत ती अवघड जागा निबंधात नव्हती. दोन भांड्यांतल्या दोन आकड्यांत होती.

त्यानंतर मी माझे काम बदलले. मी शिकवणे जवळजवळ थांबवले आणि पुरवठा करणे सुरू केले. हे काम सोपे असेल असे कोणाला वाटत असेल तर तसे ते अजिबात नाही, कारण त्यात केव्हा पुढे व्हायचे आणि केव्हा गप्प राहायचे हे दर दिवशी नव्याने ठरवावे लागते. हवामान खाते रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजते, एवढेच मी एकदा जेवताना बोलले. आठ नाही, नऊ नाही, साडेआठच का, हा प्रश्न तिचा. जगभरच्या नोंदी एकाच क्षणी घेता याव्यात म्हणून शून्य रेखांशावरची वेळ धरतात, तिथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ होतात, आणि हा साडेपाच तासांचा फरक आपली प्रमाणवेळ ज्यावरून धरतात त्या ८२.५ अंश रेखांशाला, तासाला १५ अंश या हिशेबाने, १५ ने भागले की मिळतो, इथपर्यंत पोहोचायला पृथ्वीचा गोल, एक विजेरी आणि तीन दिवस लागले. तेव्हापासून आमच्या घरातली नोंद बरोबर साडेआठला होते आणि सुटीच्या दिवशीही त्यासाठी उठणे होते. वहीत २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेला दिवस ती ‘पावसाळी दिवस’ म्हणून धरत नाही, कारण हवामान खातेही धरत नाही, आणि ६४.५ मिलिमीटर ओलांडल्याशिवाय ‘मुसळधार’ हा शब्द घरात कोणाला वापरू देत नाही. भाषेतला नेमकेपणा हा तिने व्याकरणातून नव्हे, इथून उचलला.

आजीचा प्रवेश पंचांगातून झाला. पावसाच्या नक्षत्रांपैकी मृगाचे वाहन कोणते, आर्द्राचे कोणते, हे आजी दरवर्षी पाहते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, हेही तिनेच सांगितले. नातीने विचारले की बेडूक वाहन असले की खरेच जास्त पाऊस पडतो का. आजीने हो किंवा नाही म्हणण्याऐवजी वाहन कसे काढतात ते सांगितले: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, त्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकी राहील त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक ठरवायचे. भागाकारातली बाकी ही टाकाऊ गोष्ट नसते, हे शाळेतल्या भागाकाराने तिला कधी जाणवले नव्हते. वर्षाचे ३६५ दिवस २७ नक्षत्रांत वाटले की एका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात, हे तिने काढले आणि आपल्या वहीतला पाऊस नक्षत्रवार मांडून शेजारी वाहनांची नावे लिहिली. तीन वर्षांनी तिने त्या पानाच्या तळाशी जे वाक्य लिहिले ते मी तिला सुचवलेले नव्हते: ‘बेडूक दोनदाच आला. एकदा पाऊस खूप झाला, एकदा कमी. एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.’ अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्ष काढू नये, हे तिला नऊ प्राण्यांनी शिकवले याचे मला आजही फार समाधान वाटते, आणि आजीलाही ते वाक्य पटले याचे त्याहून जास्त.

पावसाळा संपला की आवड कोरडी पडायची. पहिल्या वर्षी ऑक्टोबरनंतर तीन महिने तिने कशातच विशेष रस घेतला नाही. ती खेळली, बाहुल्यांचे कपडे शिवले, मिळेल ते वाचले, आणि मी आतल्या आत घाबरत राहिले. नातेवाइकांचे प्रश्न नेमके त्याच दिवसांत येतात. या कोरड्या काळाबद्दल घरशिक्षण करणाऱ्या पालकांनी मोकळेपणाने बोलायला हवे असे मला वाटते, कारण बहुतेक जण हातपाय गाळून पुन्हा तक्त्याकडे वळतात ते याच वेळी. मीही वळणार होते. जानेवारीत एकदा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूने मुठा उजव्या कालव्याच्या कडेने चालताना तिने थांबून विचारले, ‘चार महिने पाऊस नाही, मग यात पाणी कुठून?’ आणि गाडी पुन्हा रुळावर आली. फक्त तो रूळ नवा होता.

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांची नावे तिला त्या आठवड्यात पाठ झाली, तीही त्यांच्या साठ्यासह: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघा १.९७. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. एवढी मोठी संख्या डोळ्यांसमोर येईना, म्हणून ती आमच्या गच्चीवर उतरवली. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. आमची गच्ची ४०० चौरस मीटरची. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर २,८०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दरवर्षी आमच्याच डोक्यावर पडतात आणि पन्हाळीतून निघून जातात. हा हिशेब तिने सोसायटीच्या सूचनाफलकावर लावला. सोसायटीच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली, पण अजून काही झालेले नाही.

पावसाळ्यात ‘विसर्ग वाढवला’ अशा बातम्या आल्या की ती क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी याचे, गणित मांडू लागली. २५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सात लाख लिटर. त्या वेगाने वरून पाणी आलेच नाही तर खडकवासला साधारण २२ तासांत रिकामे होईल. हे उत्तर आले तेव्हा तिला एक गोष्ट एकदम उलगडली: खडकवासला लहान आहे आणि वरच्या तिन्ही धरणांचे पाणी त्यातूनच पुढे जाते, म्हणूनच तिथले दरवाजे इतक्या वारंवार उघडावे लागतात आणि नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली जातो. दरवाजे कोण उघडते, या प्रश्नावरून आम्ही विश्वेश्वरय्यांपर्यंत पोहोचलो. पुण्याच्याच सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, शिकलेल्या या अभियंत्याने पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की आपोआप उघडणारे आणि उतरले की आपोआप मिटणारे दरवाजे तयार केले, आणि ते १९०३ मध्ये प्रथम बसले ते याच खडकवासल्यावर. आमच्या टाकीतला बॉलकॉक पाणी चढले की बंद होतो आणि हे दरवाजे पाणी चढले की उघडतात, मग फरक कुठे, यावर पुठ्ठा, थर्माकोल आणि स्नानगृहाची फरशी यांचे जे व्हायचे ते झाले.

आणि मग पानशेत. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरते झाले नसलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. मी ही हकिकत आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनी ऐकली आहे, परंतु कधी नीट विचारली नव्हती. नातीने वही घेऊन तीन दुपारी विचारली: पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, किती वाजता आले, ओसरल्यावर चिखल किती होता, कोणते सामान मिळाले, कोणते नाही. आजीने सांगितले की ओल्या गव्हाचा आंबूस वास कित्येक दिवस गेला नाही आणि शेजारचे एक कुटुंब पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या वस्तीत राहायला गेले. त्या तीन दुपारींत माझ्या लेकीने मराठीत जेवढे लिहिले तेवढे आधीच्या पूर्ण वर्षात लिहिले नव्हते.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेल्या कामाची मला या काळात वारंवार आठवण होत असे. गुरे चारायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. शिकण्याचे साहित्य म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने जे हाताशी होते ते घेतले. माझ्या सुखवस्तू घरातल्या एका मुलीची त्या मुलांशी तुलना होऊच शकत नाही, आणि एका पालकाने पूर्ण वेळ घरी राहणे हे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नाही, याची मला जाणीव आहे. तरी मूल जिथे आहे तिथे मोठ्यांनी चालत जायचे, ही रीत मी त्यांच्याकडूनच घेतली.

पण आवड सगळीकडे पोहोचत नाही. पावसाच्या वाटेवर शुद्धलेखन फारसे लागले नाही, हिंदी जवळजवळ लागलीच नाही, आणि मानवी शरीराबद्दल तिला कधी कुतूहल वाटले नाही. यावर दोन टोकाची मते मी ऐकली आहेत: एक, ते आपोआप येईल, दुसरे, आवडीचे सोंग करून ते आवडीतच घुसवावे. मला दोन्ही पटत नाहीत. रोज सकाळी चाळीस मिनिटे आम्ही लेखन, हिंदी आणि शरीरशास्त्र करतो, आणि हे तुझ्या आवडीचे नसून माझ्या आग्रहाचे आहे असे मी तिला स्पष्ट सांगितले आहे. ती कुरकुर करते, पण करते. त्या चाळीस मिनिटांवर आवडीचा मुलामा चढवला नाही म्हणूनच उरलेला दिवस खरोखर तिचा राहतो, असे माझे मत आहे.

परीक्षेचे काय, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. मात्र मूल शाळेत परतले तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिथे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी होते आणि निदान एका भाषेसह किमान पाच विषय घ्यावे लागतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे. शाळेत न जाता दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. आम्ही पहिला मार्ग धरणार आहोत. विषय कोणते घ्यायचे हे तिला वयाच्या तेराव्या वर्षी विचारू.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला होता. आमच्या घरापासून ते ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तोपर्यंत वहीतला पाऊस हा आकडा होता. त्या दिवशी तो ओळखीच्या माणसांच्या भिजलेल्या गाद्यांच्या रूपात फूटपाथवर वाळत पडला होता. ती दोन दिवस फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले की नदीच्या इतक्या जवळ घरे बांधायची की नाही हे कोण ठरवते, आणि त्यातून आम्हाला निळी पूररेषा आणि लाल पूररेषा सापडल्या. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पंचवीस वर्षांतून एकदा, म्हणजे एकदा येऊन गेला की चोवीस वर्षे निवांत, असे मला स्वतःला वाटत होते. तिला ते पटेना; पुराला मागचे वर्ष कसे आठवणार, असे तिचे म्हणणे. मी एक कापडी पिशवी आणि पंचवीस चिंचोके आणून दिले आणि बाजूला झाले. तिने एक चिंचोका लाल रंगवला. डोळे मिटून एक काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, असे पंचवीस वेळा केले की पंचवीस वर्षे झाली. तिच्या पहिल्या वीस फेऱ्यांपैकी तेरा फेऱ्यांत लाल चिंचोका निदान एकदा आला, चार फेऱ्यांत तो दोनदा किंवा अधिक वेळा आला, आणि एका फेरीत तर लागोपाठच्या दोन वर्षी. लाल चिंचोका निदान एकदा येण्याची शक्यता कागदावर ६४ टक्के येते; ते कसे येते हे तिला अजून माहीत नाही आणि मी सांगितलेले नाही. पिशवी जेवणाच्या टेबलावरच आहे. आज सकाळी साडेआठची नोंद करून आल्यावर तिने विचारले की लाल रेषेसाठी शंभर चिंचोके लागतील, तर आजीकडे तेवढी चिंच असेल का.